'सेवा' आणि 'चित्तशुद्धी' : बीड जिल्ह्यातील अध्यात्मपरंपरेच्या आधारे एक अर्थविचार

१. प्रश्नाचे स्वरूप

'निष्काम सेवेने चित्त शुद्ध होते' हे वाक्य महाराष्ट्रात कीर्तनाच्या फडावर, शाळेच्या प्रार्थनासभेत आणि सार्वजनिक संस्थांच्या वार्षिक वृत्तांतात सारख्याच सहजतेने आढळते. अतिपरिचयामुळे त्यातील अडचण दृष्टीआड होते. सेवा ही निष्काम असावयाची, म्हणजे तिच्यापासून सेवकाला काही मिळवावयाचे नाही. आणि चित्तशुद्धी हा तर सेवकाचाच लाभ. मग चित्तशुद्धीसाठी केलेली सेवा निष्काम कशी? दुसरी अडचण याहून गंभीर आहे. सेवेचे फळ सेवकाच्या अंतःकरणात मोजावयाचे असेल, तर ज्याची सेवा केली तो मनुष्य केवळ एक साधन ठरतो. भुकेलेल्याला अन्न मिळाले की नाही, यापेक्षा वाढणाऱ्याचा अहंकार किती उतरला याला महत्त्व येते. भुकेलेल्याच्या बाजूने पाहिले असता ही व्यवस्था समाधानकारक म्हणता येणार नाही.

या प्रश्नाचा विचार तत्त्वज्ञानाच्या परिभाषेत अनेक वेळा झाला आहे. प्रस्तुत लेखात तो शब्दार्थाच्या वाटेने केला आहे. आणि त्यासाठी बीड जिल्हा व त्याच्या सीमेलगतचा प्रदेश हे क्षेत्र निवडले आहे. याचे कारण असे की, अंबाजोगाईची वेदान्तपरंपरा, नारायणगड व भगवानगड यांची वारकरी परंपरा आणि स्वामी रामानंद तीर्थ यांचे राष्ट्रीय शिक्षणाचे कार्य या तीन अवस्था येथे एकाच भूमीवर पाहावयास मिळतात, आणि प्रत्येक अवस्थेत 'सेवा' हा शब्द थोड्या वेगळ्या अर्थाने वावरतो.

२. 'सेवा' आणि 'शुश्रूषा' : दोन शब्दांची पूर्वपीठिका

संस्कृतातील 'सेव्' या धातूचा अर्थ जवळ राहणे, आश्रय करणे, उपभोग घेणे असा व्यापक आहे. मराठीत आजही औषधाचे 'सेवन' करतात आणि गुरूची 'सेवा' करतात. दोन्ही शब्द एकाच धातूपासून आलेले आहेत. वारंवार जवळ जाणे हा त्यांतील समान अंश होय. त्यात मुळात नैतिक उदात्तता नाही. उलट मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ब्राह्मणाच्या उपजीविकेचा विचार करताना वेतनासाठी केलेल्या सेवेला श्वानाची वृत्ती म्हटले असून ती त्याज्य ठरविली आहे. त्याच ग्रंथात पहिल्या अध्यायात शूद्राचे एकमेव कर्म म्हणून तीन वर्णांची शुश्रूषा सांगितली आहे. म्हणजे जी गोष्ट एकाला हीन म्हणून वर्ज्य, तीच दुसऱ्याला जन्माने नेमून दिलेली.

'शुश्रूषा' या शब्दाचा प्रवासही बोधप्रद आहे. 'श्रु' म्हणजे ऐकणे. त्याचे इच्छार्थक रूप 'शुश्रूष्' म्हणजे ऐकण्याची इच्छा करणे. गुरूचे ऐकण्याची इच्छा, त्यावरून आज्ञाधारकता, त्यावरून परिचर्या आणि अखेरीस आजच्या मराठीत रुग्णाची देखभाल, असा हा अर्थक्रम आहे. रुग्णशुश्रूषेत रुग्णाचे म्हणणे ऐकून घेणे किती महत्त्वाचे असते हे ध्यानात घेतले, तर मूळ अर्थ अगदीच लोपला आहे असे म्हणता येत नाही.

या पूर्वपीठिकेवरून एक गोष्ट स्पष्ट होते. सेवा ही आपोआप आध्यात्मिक नव्हे. ज्याला नकार देण्याची मुभा नाही त्याच्या सेवेला 'निःस्वार्थ' म्हणणे हा शब्दाचा गैरवापर होय. निःस्वार्थतेचा प्रश्न उत्पन्न होण्यासाठी स्वार्थ साधण्याची शक्यता आधी असावी लागते. सेवाधर्माच्या पुढील सर्व विवेचनात ही मर्यादा गृहीत धरली पाहिजे.

३. गीतेतील पदयोजना आणि मराठीतील दोन 'काम'

'निष्काम कर्मयोग' ही संज्ञा गीतेची म्हणून सर्वत्र सांगितली जाते; परंतु हा सामासिक शब्द गीतेत येत नाही. तेथे संगत्याग, फलत्याग, निःस्पृहता अशी पदे आहेत. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने पाचव्या अध्यायातील अकरावा श्लोक महत्त्वाचा आहे. योगी संग सोडून कर्म करतात, आणि ते आत्मशुद्धीसाठी करतात, असे तेथे एकाच वाक्यात म्हटले आहे. 'आत्मशुद्धये' ही चतुर्थी प्रयोजन दाखविणारी आहे. लेखाच्या आरंभी मांडलेली अडचण म्हणजे, व्याकरणाच्या भाषेत, या चतुर्थीची अडचण होय.

शांकर वेदान्ताने यावर दिलेले उत्तर असे : कर्म साक्षात मोक्ष देत नाही, ईश्वरार्पण बुद्धीने केलेले कर्म अंतःकरण शुद्ध करते, आणि शुद्ध अंतःकरणात ज्ञानाला अवकाश मिळतो. येथे शुद्धी ही नवी वस्तू मिळविणे नसून अडसर दूर होणे आहे. धन, कीर्ती किंवा स्वर्ग यांची इच्छा करणारा 'मी' ती वस्तू मिळाल्यावर अधिक पुष्ट होतो. चित्तशुद्धीत मात्र हा 'मी'च क्षीण व्हावयाचा असतो. म्हणून चित्तशुद्धीची इच्छा ही इतर इच्छांच्या रांगेत बसत नाही. ती पूर्ण होता होता इच्छा करणाऱ्यालाच उतरती कळा लागते. पहिली अडचण अशा रीतीने बऱ्याच अंशी सुटते. दुसरी, म्हणजे सेव्य मनुष्य साधन ठरतो ही अडचण, मात्र या उत्तराने सुटत नाही. तिच्या उत्तराचे बीज गीतेतच 'लोकसंग्रह' (३.२०, ३.२५) आणि 'सर्वभूतहिते रताः' (५.२५, १२.४) या पदांत आहे. ज्ञान झालेल्याला स्वतःसाठी काही मिळवावयाचे उरत नाही, तरीही तो लोकांसाठी कर्म करतो; तेव्हा चित्तशुद्धी हे कर्माचे एकमेव प्रयोजन होऊ शकत नाही. टिळकांनी 'गीतारहस्या'त (१९१५) याच बाजूवर भर दिला.

मराठीपुरती येथे आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. मराठीत 'काम' हे दोन शब्द आहेत. एक तत्सम, त्याचा अर्थ इच्छा. दुसरा संस्कृत 'कर्म', प्राकृत 'कम्म' या मार्गाने आलेला तद्भव, त्याचा अर्थ उद्योग. 'निष्काम' या शब्दात पहिला आहे, 'निकामी' या शब्दात दुसरा. ज्याची इच्छा सुटली तो निष्काम. जो उपयोगाचा राहिला नाही तो निकामी. सामान्य मराठी भाषकाने हा भेद उच्चारातच जपला आहे. संन्यासाच्या नावाखाली दुसरे 'काम' सोडणाऱ्यांवर संतांनी वारंवार टीका केली. तिचा आशय एवढाच की, निष्काम होण्याऐवजी हे लोक निकामी झाले.

४. अंबाजोगाई : अंतर्मुख साधनेची परंपरा

मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' शके १११०, म्हणजे इ. स. ११८८ चा मानला जातो. त्याच्या कालाविषयी व स्थलाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. ग्रंथातील अंबानगर म्हणजे अंबाजोगाई की विदर्भातील अंभोरा, हा वाद प्रसिद्ध आहे. तथापि अंबाजोगाईच्या परिसरातील मुकुंदराजांची समाधी आणि तेथील अखंड लोकश्रद्धा यांमुळे या गावाशी त्यांचे नाव एकरूप झाले आहे. 'विवेकसिंधु'चा विषय आत्मविचार हा आहे. तेथे शिष्याने करावयाची सेवा ती गुरूची, आणि तिचे प्रयोजन ज्ञानाला पात्र होणे हे.

या परंपरेतील दुसरे मोठे नाव दासोपंतांचे (१५५१–१६१५). हे एकनाथांचे समकालीन, दत्तोपासक. त्यांच्या 'गीतार्णवा'ची ओवीसंख्या परंपरेने सव्वा लाख सांगितली जाते. अंबाजोगाईत त्यांच्या वंशजांनी जतन केलेली 'पासोडी' सुमारे चाळीस फूट लांब व चार फूट रुंद अशा कापडावर लिहिलेली असून तिचा विषय पंचीकरण हा आहे. पंचमहाभूतांपासून देह कसा घडला याचे पृथक्करण करीत 'मी देह नव्हे' या निश्चयाप्रत साधकाला नेणे, हे पंचीकरणाचे कार्य. पांघरण्याच्या वस्त्रावर देहाच्या घटकांचा हिशेब मांडावा, यात एक प्रकारचे औचित्य आहे.

या वाङ्मयात आत्मसुधारणेची रीत 'शोधन' ही आहे. 'शुद्धी' आणि 'सुधारणा' या दोन शब्दांतील भेद येथे ध्यानात येतो. 'शुद्धी'मागील कल्पना धुण्याची, गाळण्याची आहे. वस्तू मुळात निर्मळ असून मळ बाहेरचा आहे, असे ती गृहीत धरते. 'सुधारणा' या शब्दाला एकोणिसाव्या शतकात जे वजन आले त्यामागील कल्पना दुरुस्तीची आहे. वस्तूची घडणच सदोष असून ती बदलली पाहिजे, असा तिचा रोख आहे. आगरकरांच्या 'सुधारक' पत्राच्या (१८८८) नावातील अर्थ हा दुसरा. आज 'आत्मसुधारणा' हा शब्द चित्तशुद्धीचा पर्याय म्हणून वापरला जातो; पण त्यात दोन भिन्न निदाने एकत्र आलेली असतात.

गुरुसेवेचे काव्यमय वर्णन ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात 'आचार्योपासना' या पदाच्या विवरणात आले आहे. गुरूच्या उपयोगी पडणारी प्रत्येक वस्तू आपणच व्हावे, अशी शिष्याची आकांक्षा तेथे विस्ताराने रंगविली आहे. या सेवेत अहंकाराचे विसर्जन आहे खरे. परंतु सेव्य पुरुष हा पूर्णकाम आहे. त्याला सेवेची गरज नाही. सेवेची गरज आहे ती शिष्याला. म्हणून 'सेव्य हा साधन ठरतो' हा आक्षेप गुरुसेवेला लागत नाही. तो लागतो तो ही रचना जशीच्या तशी दुःखी, दरिद्री मनुष्याच्या सेवेला लावली असता. कारण त्याची गरज खरी असते.

५. गड आणि फड : वारकरी व्यवहारातील सेवा

वारकरी संप्रदायात कीर्तन 'करणे' याला 'सेवा' म्हणतात. कीर्तनकार 'सेवा रुजू करतो'. सप्ताहातील प्रत्येक दिवसाची कीर्तनसेवा नेमलेली असते. विणेकरी, टाळकरी, पंगतीत वाढणारे, पाणी भरणारे या सर्वांच्या कामाला एकच शब्द लावला जातो. बोलणाऱ्याचे व वाढणाऱ्याचे काम एकाच नावाने ओळखले जाणे ही अर्थदृष्ट्या लहान गोष्ट नव्हे. ज्या समाजात कामाच्या नावावरून माणसाची पायरी ठरे, तेथे निदान सात दिवसांपुरती ही पायरी नामशेष होते.

बीड जिल्ह्यात या परंपरेचे प्रमुख स्थान नारायणगड. तेथील माणिकबाबांच्या सहवासात भगवानबाबा (१८९६–१९६५) घडले. त्यांचे मूळ नाव आबाजी तुबाजी सानप. जन्म पाटोदा तालुक्यातील सावरगाव येथला. जोगमहाराजांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. तिच्या उभारणीत सहभागी असलेल्या बंकटस्वामींकडे भगवानबाबांनी अध्ययन केले. पुढे त्यांनी, तेव्हाच्या अहमदनगर व आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी तालुक्यात, बीडच्या सीमेलगत, भगवानगड उभा केला. पशुहत्येला विरोध, व्यसनत्याग, वारी आणि नारळी सप्ताह यांबरोबरच मुलांच्या शिक्षणावर त्यांनी भर दिला, हे येथे विशेषेकरून सांगितले पाहिजे. हा सारा प्रदेश अवर्षणाचा. येथील असंख्य कुटुंबे दरवर्षी ऊसतोडणीसाठी घर सोडून जातात, आणि मुलांची शाळा हा त्यांच्यापुढील नेहमीचा प्रश्न असतो. अशा समाजात व्यसनत्यागाचा उपदेश ही केवळ वैयक्तिक शुद्धीची बाब राहत नाही; वाचलेला पैसा घरात राहतो, आणि एकाच्या शुद्धीचे फळ दुसऱ्याच्या ताटात पडते. अंतःशुद्धी आणि परहित यांचा संबंध येथे तर्काने जोडावा लागत नाही. तो व्यवहारातच जुळलेला आहे.

भक्तिपरंपरेतील कथांनी सेवेची दिशाही उलटी केली. पैठणला एकनाथांच्या घरी देव श्रीखंड्या होऊन पाणी भरतो. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे खुली केल्यावर देव विठू महाराच्या रूपाने बादशहाकडे रक्कम पोचविण्यास जातो. देवच सेवक झाला, तेव्हा सेवा हीन राहिली नाही. मनुस्मृतीतील मूल्यक्रम येथे कथेच्या द्वारा मोडला गेला. परंतु या कथांची मर्यादाही सांगितली पाहिजे. देवाने महाराचे रूप घेतल्याने गावगाड्यातील महाराची वेठ संपली नाही. कथेत सेवेला प्रतिष्ठा मिळाली. सेवकाला नकाराचा अधिकार मिळण्यास मात्र वेगळे लढे आणि वेगळे कायदे लागले.

६. स्वामी रामानंद तीर्थ : सेव्य कोण, याचे नवे उत्तर

विसाव्या शतकाच्या आरंभी मराठीत 'सेवा' या शब्दाचे सेव्यच बदलले. गोखल्यांचा भारत सेवक समाज (१९०५), पुण्याचे सेवासदन (१९०९), ना. म. जोशी यांनी मुंबईत स्थापिलेली सोशल सर्व्हिस लीग (१९११) या संस्थांनी देव व गुरू यांच्या जागी 'देश' आणि 'समाज' हे सेव्य आणले. तत्पूर्वी विवेकानंदांनी रामकृष्ण मिशनच्या (१८९७) द्वारा आत्ममोक्ष व जगद्धित ही दोन प्रयोजने एकत्र आणली होती.

व्यंकटेश भवानराव खेडगीकर (१९०३–१९७२) यांच्या आयुष्यात हे दोन्ही प्रवाह मिळाले. तरुणपणी ते ना. म. जोशी यांचे सचिव होते आणि कामगार चळवळीत वावरले. पुढे त्यांनी स्वामी रामतीर्थांच्या परंपरेतील संन्यासदीक्षा घेतली व ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. हिप्परगा येथील, १९२१ साली निघालेल्या राष्ट्रीय शाळेत त्यांनी अध्यापन केले. १९३५ च्या सुमारास बाबासाहेब परांजपे आदी सहकाऱ्यांसह ते अंबाजोगाईस आले, आणि योगेश्वरीच्या नावाने चालणाऱ्या शिक्षणकार्यात त्यांनी स्वतःला जुंपून घेतले. निजामी राजवटीत या गावाचे नाव मोमिनाबाद होते. राज्याच्या उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. अशा परिस्थितीत मराठी मुलांना त्यांच्या भाषेत शिकविणे ही सेवा असली तरी तिचा परिणाम राजकीय होणे अपरिहार्य होते. १९३८ साली ते अंबाजोगाई सोडून हैदराबादच्या लढ्यात उतरले आणि स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन होईपर्यंतचा त्यांचा पुढील इतिहास सर्वपरिचित आहे.

संन्यास म्हणजे कर्मत्याग या जुन्या समीकरणात हा संन्यासी बसत नाही. त्याने घर, द्रव्य व कुटुंब यांचा त्याग केला. कर्माचा मात्र विस्तार केला. वैयक्तिक काम टाकून सार्वजनिक काम पत्करण्याची ही रीत वर सांगितलेल्या दोन 'कामां'तील भेदाचे जिवंत उदाहरण होय. येथे सेव्याविषयीचा दृष्टिकोनही बदललेला दिसतो. शाळेतील मुलगा हा शिक्षकाच्या चित्तशुद्धीचे निमित्त नव्हे. तो शिकला की नाही हीच शिक्षकाच्या कामाची कसोटी.

७. व्याकरणाची साक्ष

दुसऱ्याच्या उपयोगी पडण्यासाठी मराठीत जी क्रियापदे आहेत त्यांची रचना पाहिली असता एक सूक्ष्म व्यवस्था आढळते. उपकार कोणा'वर' करतात. मदत कोणा'ला' करतात. सेवा कोणा'ची' करतात. 'वर' या शब्दयोगी अव्ययाने उपकार करणाऱ्याला उंचीवर बसविले आहे, आणि उपकाराचे ओझे म्हणून जे म्हणतात ते याच उंचीवरून खाली येते. 'ला' हा प्रत्यय देणारा व घेणारा यांना समोरासमोर ठेवतो. 'ची' हा प्रत्यय संबंध दाखवितो. सेवा करणारा एक असला तरी ती सेवा दुसऱ्याची असते. व्याकरणदृष्ट्या तिची मालकी सेव्याकडे आहे. जुन्या पत्रांच्या मायन्यात 'सेवेसी' हे पद येई, तेव्हाही लिहिणारा स्वतःला वाचणाऱ्याच्या बाजूला नेऊन ठेवी.

प्रत्ययावरून नीतिशास्त्र सिद्ध होत नाही, हे उघड आहे. परंतु भाषकांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेला भेद विचाराला दिशा देऊ शकतो. सेवा ही सेव्याची असेल, तर ती बरी झाली की वाईट हे ठरविण्याचा पहिला अधिकारही त्याचाच. आजच्या मराठीत 'सेवा देणे', 'सेवा पुरविणे' असे प्रयोग रूढ झाले आहेत. 'वस्तू व सेवा कर' (२०१७) या संज्ञेत तर सेवा ही मोजून विकण्याची बाब आहे. या नव्या प्रयोगात प्रत्यय बदलला, आणि त्याबरोबर मालकीही देणाऱ्याकडे गेली. अंबाजोगाईतच १९८२ साली डॉ. द्वारकादास लोहिया यांनी स्थापिलेल्या 'मानवलोक' संस्थेच्या नावात 'सेवा' हा शब्द नाही, त्या जागी 'नवनिर्माण' आणि 'लोकायत' ही पदे आहेत. सेवेच्या परिभाषेबाहेर राहूनही लोकांच्या गरजेला बांधून घेता येते, हे यावरून दिसते.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून दोन कसोट्या वेगळ्या ठेवणे इष्ट ठरते. सेवेची बाह्य कसोटी सेव्याच्या गरजेत आहे. आंतरिक कसोटी सेवकाच्या अहंकारात आहे. एकीचे काम दुसरी करू शकत नाही. बीडसारख्या अवर्षणग्रस्त जिल्ह्यात कोणी अत्यंत शुद्ध अंतःकरणाने चुकीच्या जागी विहीर खणली, तर तिला पाणी लागणार नाही. आणि कोणी कीर्तीच्या लोभाने योग्य जागी खणली, तर तिचे पाणी गोडच लागेल. पहिल्या ठिकाणी सेवा फसली, दुसऱ्या ठिकाणी सेवक.

तथापि या दोन कसोट्या परस्परांना अगदी परक्याही नाहीत. ज्याचे लक्ष स्वतःच्या पुण्याकडे आहे त्याला दुसऱ्याची गरज नीट दिसत नाही. तो भुकेलेल्याला वस्त्र देतो आणि तहानलेल्याला उपदेश. अहंकार उतरणे हे येथे नीट पाहता येण्याचे, आणि 'शुश्रूषा' या शब्दाच्या मूळ अर्थाने नीट ऐकता येण्याचे साधन आहे. उलटपक्षी, दुसऱ्याच्या खऱ्या गरजेला सामोरे गेल्यावाचून स्वतःचा अहंकार किती शिल्लक आहे हे एकांतात कळत नाही. म्हणून चित्तशुद्धी हे सेवेचे वेतन न मानता तिची पूर्वतयारी व तिची उपलब्धी असे दुहेरी मानले, तर आरंभीच्या वाक्यातील विरोध मावळतो. मात्र ज्याच्यावर सेवा जन्माने, दारिद्र्याने किंवा भयाने लादली गेली आहे, त्याला हे वाक्य ऐकविण्याचा अधिकार कोणालाही प्राप्त होत नाही. त्याच्या बाबतीत सेवेचा पहिला अर्थ त्याची त्या सक्तीतून सुटका करणे हाच होय.